वाचकांचे प्रश्न : शिंगीचा काटा आणि बाकीचे मिशाळ मासे

मागच्या अंकात चढणीच्या माशांबद्दल लिहिताना ‘शिंगी जपून धरा’ असं एक वाक्य येऊन गेलं होतं. त्यावर खानापूरपासून अथणीपर्यंत पत्रं आली. जपून म्हणजे कसं? शिंगीच का, शिंगटी का नाही? आणि चावली तर काय? (शिंगी चावत नाही, टोचते. पण ते पुढे येईलच.) सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : भाताच्या रोप लावणीला खाचरात काळपट, लांबोडका, मिशीवाला मासा सापडतो. घरचे त्याला शिंगी म्हणतात, काही जण मागूर म्हणतात, शेजारचे कन्नड बोलणारे चेळु मीनु म्हणतात. नदीला मिळते ती शिंगटीही मिशीवालीच. हे सगळे एकच का? आणि यातला विषारी नेमका कोणता? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : चेळु म्हणजे विंचू. ज्याने हे नाव ठेवलं त्याला अनुभव आला असणार. शिंगीचं शास्त्रीय नाव हेटेरोप्न्यूस्टिस फॉसिलिस. भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार या पट्ट्यातल्या तळ्यांत, ओढ्यांत, भातखाचरांत ती राहते. वीतभर सापडते, फार तर फूटभर वाढते.

नावावर विसंबू नका. शिंगी, शिंगटी, शिंगाळा ही नावं दर दहा कोसांवर एकमेकांच्या जागी बसतात. एका गावची शिंगी दुसऱ्या गावाला शिंगटी असते. मासा पांढऱ्या बादलीत सोडा, हात न लावता वरून बघा आणि पाठीवरचा पर तपासा.

पाठीच्या पुढच्या भागात एवढासा, बोटाच्या पेरासारखा मऊ पर आणि त्यामागे शेपटीपर्यंत पाठ कोरी, ती शिंगी. तिच्या पोटाखालचा पर मात्र लांबलचक असतो, शेपटीला जवळजवळ भिडतो, मध्ये फक्त एक खाच राहते. पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळपर्यंत एकसलग पट्टीसारखा असेल तर तो मागूर. मागूर डोक्याकडे जास्त रुंद आणि चपटा असतो. पाठीवर ताठ काटा उभा असेल, त्यामागे थोडी जागा सोडून मऊ, बिनकिरणांचा (आत काड्या नसलेला) चरबीचा पर असेल, तर ती शिंगटीच्या कुळातली. या तिघांनाही मिश्यांच्या चार जोड्या असतात, त्यामुळे मिश्या मोजून भागत नाही. नदीत सापडणारा मोठ्या जबड्याचा मासा, कन्नडमध्ये ज्याला बाळे मीनु म्हणतात, त्याला दोनच जोड्या. बाजारात पंगस म्हणून जो मिळतो त्यालाही दोनच.

आता विषारी कोण? जगात मिशाळ माशांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. २००९ साली जेरेमी राइट या अभ्यासकाने त्यांच्या काट्यांची तपासणी करून हिशोब मांडला. त्यात किमान १२५० जाती विषारी निघाल्या, आणि आकडा १६०० च्या वर असण्याची शक्यता त्याने दाखवली. साऱ्या जगात विषारी साप सहाशेच्या आसपास. म्हणजे ‘एक शिंगीच विषारी, बाकीचे मिशाळ मासे गरीब’ ही समजूत चुकीची. मागूर, शिंगटी, समुद्रातला शिंगाळा, काचपेटीत पाळतात तो इवलासा कोरिडोरस, सगळ्यांच्या काट्यांवर विषाच्या पेशी असतात. फरक आहे तो कमीजास्तीचा, आणि काटे कुठे नि किती याचा.

शिंगीला काटे दोनच. कल्ल्यांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक, बाजूच्या परांचा पहिला किरण. पाठीवर काटा नाही. मागूरलाही हे दोनच. शिंगटी आणि समुद्री शिंगाळ्याला तीन, दोन बाजूंना आणि एक पाठीवर. बाळे मीनुचे काटे कमजोर, पण दात असे की बोट गेलं म्हणून समजा. त्याच्याकडे काट्यापेक्षा तोंड सांभाळायचं.

काट्याची रचना सापाच्या दातासारखी नसते, त्यात विषाची नळी नाही. हाडाचा टोकदार, करवतीसारख्या दातांचा काटा आणि त्याच्यावर कातडीचं पातळ म्यान, अशी मांडणी. विषपेशी त्या म्यानात असतात. काटा घुसला की म्यान फाटतं आणि विष जखमेत सांडतं. करवतीचे दात प्रामुख्याने आतल्या, म्हणजे माशाच्या अंगाकडच्या कडेला असतात. म्हणून काटा आत जाताना सरळ जातो, निघताना मांस फाडत निघतो. शिवाय काट्याच्या बुडाशी खुंटीसारखी सोय असते. मासा बिथरला की काटा आडवा उघडून फिरवतो आणि तो सांध्यात अडकून बसतो. मग जोर लावूनही मिटत नाही. कडीकोयंडाच म्हणा.

एवढ्या सगळ्यांत शिंगीचीच एवढी बदनामी का? तिचं विष जास्त झोंबतं हे खरं. पण आमच्या मते निम्मं कारण तिच्या राहणीत आहे. शिंगी चिखलात लपते आणि आपण खाचरात अनवाणी उतरतो. रंग चिखलाचा, अंग बुळबुळीत, काटा मिटलेला असला तर दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती हवेतला श्वास घेते. कल्ल्यांच्या पोकळीतून निघालेल्या दोन लांब नळ्या पाठीच्या मांसातून मागे शेपटीच्या दिशेने जातात, फुप्फुसासारखं काम करतात. रोहू बुट्टीत टाकला की थोड्या वेळात थंड पडतो. शिंगी ओल्या बुट्टीत कित्येक तास जिवंत राहते. माणूस ‘मेली असेल’ म्हणून हात घालतो आणि घात होतो. मागूरही हवा घेतो, पण त्याची सोय वेगळी. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो.

प्रश्न : हिडकलच्या मागच्या पाण्यात जाळं काढताना भावाच्या अंगठ्याला शिंगी लागली. मनगटापर्यंत हात सुजला, रात्रभर कण्हत होता. कुणी चुना लावला, कुणी तंबाखू बांधली, कुणी वर दोरी आवळली. नेमकं काय करायला पाहिजे होतं? (हुक्केरी तालुका)

उत्तर : गरम पाणी. बाकी सगळं त्याच्या नंतर.

या विषातले प्रथिनयुक्त घटक उष्णतेने निकामी होतात. उष्णतेने वेदनेची जाणीवही दबते. म्हणून टोचलेला भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, ३० ते ९० मिनिटं. पाणी ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, नाहीतर काट्याचं दुखणं राहील बाजूला आणि भाजल्याचं दुखणं गळ्यात पडेल.

तळ्याच्या काठावर थर्मामीटर कोण घेऊन बसलंय? मापाने करा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. पावसाळ्यात साधं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. एक तांब्या उकळतं आणि तीन तांबे साधं मिसळलं की ४३ अंशांच्या जवळ येतं. थंडीत पाणी २० अंशांवर उतरलेलं असतं, तेव्हा साधं अडीच तांबेच घ्या. उन्हाळ्यात साधं पाणी ३० अंशांच्या आसपास असेल तर चार.

पाणी निवत आलं की भर घालायची, इथंच बहुतेक जण चुकतात. चार तांब्यांच्या भगुण्यात पाणी ४० वर आलं असेल तर आधी पाव तांब्या पाणी काढून तेवढंच उकळतं घातलं की पुरतं. अर्धा तांब्या ओतलात तर ते ४७ वर जातं. भर घालताना हात बाहेर काढा, ढवळा, मगच परत बुडवा. गरमपणा तपासायचा तो धड हाताने किंवा दुसऱ्याच्या कोपराने. टोचलेला हात बधिर झालेला असतो, त्याला चटका कळत नाही. लहान मूल असेल, किंवा मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर आणखी सांभाळून.

पाणी तापेपर्यंत स्वस्थ बसू नका. आधी अंगठी, बांगड्या, पाटल्या, मनगटातला दोरा उतरवा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, तळ्याच्या पाण्याने नको. काटा दिसत असेल, वरच्यावर असेल, तर चिमट्याने ज्या दिशेने घुसला त्याच दिशेने सरळ मागे ओढा, हिसका देऊ नका, पिळू नका. डोळ्यात, गळ्यात, छातीत, पोटात किंवा सांध्यात खोल रुतलेला काटा मात्र काढू नका. तो न हलवता दवाखाना गाठा.

दोरी आवळायची नाही. हे विष टोचल्या जागीच जास्त छळतं, दोरीने फक्त रक्त अडतं आणि बोट काळंनिळं पडतं. ब्लेडने चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, रॉकेल ओतणं, चुना थापणं, सगळं बंद. तंबाखू निपाणीची असली तरी ती जखमेत घालायची वस्तू नाही. बर्फाचाही या विषावर उपयोग नाही.

गरम पाण्यात पहिल्या अर्ध्या तासात कळ बरीच खाली यायला हवी. आली नाही, तर काट्याचा तुकडा आत राहिल्याचा संशय घ्या. डॉक्टरांना ‘शिंगीचा काटा’ असं स्पष्ट सांगा आणि एक्स-रे काढायला सांगा. काटा हाडाचा असल्याने फोटोत दिसतो. कळ असह्य असेल तर डॉक्टर त्या जागी भूल देऊ शकतात, तिने लगेच आराम पडतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर ते घ्यावं. सापाच्या विषावरची लस इथं कामाची नाही, आणि शिंगीसाठी खास लस अशी काही मिळत नाही. उगाच त्यासाठी पळापळ करू नका.

विष एक-दोन दिवसांत उतरतं. त्यानंतर जो घोळ होतो तो जंतुसंसर्गाचा. तळ्याच्या चिखलात असे जंतू असतात की साध्या टोचणीचं बोट आठवड्यात पिकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कमी होण्याऐवजी वाढत असेल, लाल रेघ वर चढत असेल, ताप आला, पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेही माणसाने तर वाट न पाहता पहिल्याच दिवशी दाखवावं. अंगावर गांधी उठणं, धाप लागणं, चक्कर येणं ही लक्षणं दिसली तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना.

प्रश्न : मुलं म्हणतात मिशी लागली तरी विष चढतं. खरं का? (निपाणी)

उत्तर : नाही. मिश्या मऊ असतात, गढूळ पाण्यात चाचपायला आणि चव घ्यायला. त्यांत विष नाही, टोक नाही. मिशीने टोचलं असं ज्याला वाटतं त्याला मिशीच्या मागचा काटा लागलेला असतो.

प्रश्न : बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला शिंगीचा रस्सा चांगला म्हणतात. मग विषारी मासा खायचा कसा? मेलेल्या माशाचा काटा लागला तरी बाधतं का? साफ कसा करावा? (गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : मराठीत एक अडचण आहे. फुरसं विषारी आणि धोतराही विषारी, दोन्हीला शब्द एकच. पण फुरशाचं विष अंगात टोचलं जातं तेव्हा बाधतं आणि धोतरा पोटात गेला की बाधतो. शिंगी फुरशाच्या बाजूची. विष काट्याच्या म्यानात, मांसात नाही. काटे काढून, नीट शिजवून खाल्लेली शिंगी बाधत नाही. शिजवण्याच्या उष्णतेत उरलंसुरलं विषही मोडतं. बंगाल-आसामकडे तर शिंगी आणि मागूर मुद्दाम जिवंत विकत घेतात, अशक्त माणसाला देतात. मांसात प्रथिनं चांगली, लोहही असतं, आणि मासा जिवंत मिळत असल्याने ताजेपणाची शंका राहत नाही. त्यापलीकडे औषधी चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

मेलेल्या माशाचा काटा मात्र बाधतो. ताज्या मेलेल्या, बर्फात ठेवलेल्या माशाच्या म्यानात विष शिल्लक असतं. बेळगावच्या बाजारात गोवा, कारवार, मालवणहून बर्फातून येणारा शिंगाळा निवडतानाही हाच नियम. मासळीवाल्यालाच तिन्ही काटे छाटून द्यायला सांगा, तो दोन घावांत छाटतो.

घरी शिंगी जिवंत आली असेल तर ती आधी मारा, मग हात लावा. बादलीत बुडतील इतकं पाणी आणि भरपूर बर्फ घालून झाकण ठेवा. झाकण जड हवं, शिंगी उसळी मारून बाहेर येते. अर्ध्या तासात ती मलूल होते. मग जाड ओलं गोणपाट दुहेरी करून तिच्या अंगावर टाका, पाटावर दाबून धरा आणि डोक्यावर, डोळ्यांच्या थोडं मागे, वरवंट्याने एक जोरदार ठोका द्या. मीठ टाकून तडफडत ठेवायची रीत आहे खरी, पण त्या तडफडीत काटे चहूकडे फिरतात. माशालाही हाल, आपल्यालाही धोका.

आता काटे. विळीवर नको. विळीसमोर बसून दोन्ही हातांनी मासा धरावा लागतो आणि नेमक्या काट्यांशी बोटं येतात. मासा पाटावरच राहू द्या, डोकं गोणपाटाखाली दाबलेलं, आणि तार कापायच्या पक्कडीने काटा बुडाशी, अंगाला लागून, तोडा. आधी एका बाजूचा, मग मासा उलटून दुसऱ्या बाजूचा. तोडलेले काटे मोजा. दोन झाले का? मगच पुढचं काम. ते काटे उघड्या कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. जुन्या डब्यात किंवा बाटलीत घालून, झाकण लावून टाका.

शिंगीला खवले नसतात, पण बुळबुळ फार. चुलीची चाळलेली राख किंवा जाडं मीठ चोळून दोनदा धुतली की हाताला कोरडी लागते. राख नसेल तर तांदळाचं पीठ चालतं. शेवटचं पाणी चिंचेचं घ्या, चिखलाचा वास कमी होतो. पोट साफ करताना कण्याजवळचं रक्त नखाने खरवडून काढा, वास बराचसा तिथंच असतो.

प्रश्न : कारवारला मुलाने खडकातल्या पाण्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या माशांचा गोळा पाहिला. हात घालणार तोच तिथल्या कोळ्याने ओरडून मागे ओढलं. तो कोणता मासा? शिंगीपेक्षा जहाल असतो का? (बेळगाव)

उत्तर : वर्णनावरून तो पट्टेरी मिशाळ मासा दिसतो, शास्त्रीय नाव प्लोटोसस लिनिएटस. कोळ्याचं ओरडणं योग्यच होतं.

याची लहान पिल्लं दाट गोळा करून फिरतात. गडद अंगावर फिकट आडव्या रेघा, तोंडाभोवती मिश्यांच्या चार जोड्या. शेपटी वेगळी नसते. पाठीवरचा दुसरा पर, शेपटी आणि पोटाखालचा पर एकमेकांना जोडलेले, त्यामुळे मागचा भाग वामसारखा निमुळता दिसतो. लांबी फूटभरापर्यंत. काटे तीन, पाठीवर एक नि बाजूंना दोन. मिशाळ माशांच्या विषांत याचं विष तीव्र समजलं जातं. शिंगीचा काटा रात्रभर कण्हायला लावतो, याचा काटा त्याहून जास्त काळ छळू शकतो. उपचाराची रीत तीच, गरम पाणी, फक्त दवाखान्याला उशीर करायचा नाही. खाऱ्या पाण्यातले जंतू गोड्या पाण्यातल्यांपेक्षा वेगळे असतात, म्हणून जखम समुद्राच्या पाण्यात झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध त्यावर ठरतं.

हा मासा सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरला आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत इतका येऊ लागला की युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत टाकलं. मिशाळ माशांचं बहुतांश कुळ गोड्या पाण्यातलं, समुद्रात उतरलेले थोडे. त्या थोड्यांतला हा. दुसरे ते शिंगाळे. त्यांच्यात नर अंडी आणि पिल्लं तोंडात धरून हिंडतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. अशा घराण्यात असा जहाल काटा!

प्रश्न : आमच्याकडे कृषी होंडा (शेततळं) आहे, प्लास्टिक अंथरलेलं, नऊ-दहा फूट खोल. रोहू-कटला कमी पाण्यात मरतात. शिंगी हवा घेते तर तीच सोडावी म्हणतो. जमेल का? (अथणी तालुका)

उत्तर : मासा बरोबर निवडलात, तळं चुकलं. शिंगीला प्राणवायू कमी असलेलं पाणी चालतं, कारण ती वर येऊन हवा घेते. पण ती राहते तळाशी. दहा फूट खाली राहणाऱ्या माशाला दर थोड्या वेळाने वर येऊन परत खाली जायचं तर खाल्लेलं सगळं त्या येरझाऱ्यांत संपतं. मासा जगतो, वाढत नाही. हवा घेणाऱ्या माशांना पाऊण ते एक मीटर पाणी पुरे. शेततळ्यात पाणी खोल असताना शिंगी सोडू नका. शेजारी वेगळी उथळ सिमेंटची टाकी किंवा ताडपत्रीचं छोटं तळं करा आणि शेततळं पाण्याच्या साठ्यासाठी ठेवा.

बीज घेताना तीन-चार इंची बोटुकली घ्या, एकाच मापाची. मापात फरक असला की मोठी छोटीला खाते. महिन्या-दीड महिन्याने जाळीच्या चाळणीतून मोठे-लहान वेगळे करा. बीज पिशवीतून येताना एकमेकांचे काटे लागून ओरखडे पडतात आणि तिथं पुढे बुरशी धरते. म्हणून टाकीत सोडण्याआधी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पाच मिनिटं ठेवा. तोंड वर करून मासे लोळायला लागले तर पाच मिनिटं व्हायची वाट पाहू नका, काढा. बीज विकणारा ‘झटपट वाढणारा थाई मागूर’ गळ्यात मारायला बघेल. तो आफ्रिकी मागूर आहे. आपल्याकडे त्याच्या पालनाला बंदी आहे, आणि ओढ्यात सुटला तर गावातले बाकीचे मासे फस्त करतो.

खाद्यात ३० टक्क्यांच्या वर प्रथिनं हवीत. नुसत्या भाताच्या कोंड्यावर शिंगी डोकं मोठं नि अंग बारीक अशी होते. रोजचं खाद्य अंगाच्या वजनाच्या तीन ते चार टक्के. वीस-वीस ग्रॅमचे शंभर मासे म्हणजे दोन किलो, त्यांना ६० ते ८० ग्रॅम. शिंगी रात्री चरते, म्हणून मोठा वाटा सूर्य मावळल्यावर द्या. सकाळी तळाशी खाद्य उरलेलं दिसलं तर त्या दिवशी निम्मं करा. उरलेलं कुजतं, आणि हवा घेणारा मासा असला तरी कुजक्या पाण्यातला अमोनिया त्याला सोसत नाही.

दोन चुका हमखास होतात. पहिली, बगळे-पाणकावळ्यांसाठी जाळी पसरताना ती सैल सोडतात. ती पाण्यात लोंबते, मासे तिच्याखाली अडकतात, वर येऊन हवा घेता येत नाही, आणि पाण्यात प्राणवायू कमी असला की पाण्यातला मासा पाण्यातच गुदमरतो. जाळी पाण्यापासून दोन फूट वर, ताणून बांधा. दुसरी, पहिल्या मोठ्या पावसात टाकी काठोकाठ भरते आणि शिंगी ओल्या जमिनीवरून सरपटत चालू पडते. पाण्यापासून काठ किमान दीड फूट उंच ठेवा, जादा पाणी जायच्या पाइपाला बारीक जाळी लावा. काढणीला ओढजाळं नको. पाणी घोटाभर उतरवा आणि बारीक जाळीच्या हातजाळ्याने उचला, गमबूट घालून.

प्रश्न : नायलॉनच्या जाळ्यात शिंगी किंवा शिंगटी अडकली की सोडवताना हमखास टोचते. युक्ती काय? रबरी हातमोजे चालतील का? (चिकोडी तालुका)

उत्तर : भांडी घासायचे रबरी मोजे काट्यापुढे कागदासारखे. चामड्याचे बरे, पण बुळबुळीने मासा त्यातून सटकतो आणि सटकताना मान बाजूला झटकतो, तेव्हाच टोचतो. ओलं गोणपाट सगळ्यात चांगलं.

जाळ्याचा दोरा ताठ काट्याच्या मागे, करवतीच्या दातांत बसलेला असतो. मासा मागे ओढला की तो आणखी रुततो. म्हणून ओढू नका. मासा काठावर किंवा होडीच्या फळीवर गोणपाटाखाली दाबा आणि काट्याशी अडकलेले दोन-तीन दोरे कापा. मासा विकायचाच असेल तर दोऱ्याऐवजी काटाच पक्कडीने बुडाशी तोडा. शिंगटीचा पाठीवरचा काटा आधी, कारण दाबून धरताना तळहात नेमका त्याच्यावरच येतो. तो मिटवता येतो. त्याच्या पुढ्यात बुडाशी एक बारीक खुंटीसारखं हाड असतं, ते पक्कडीच्या टोकाने दाबून धरलं की अडसर सुटतो आणि काटा मागे पडतो. बाजूचे काटे असे दाबून मिटत नाहीत, ते तोडलेलेच बरे.

जाळं एकट्याने, अंधारात झटकायचं असेल तर बॅटरी कपाळाला बांधा, तोंडात धरू नका. आणि काठावर निघण्याआधी पाण्याचा थर्मास भरून घ्या, उकळत्या पाण्याचा. एक लिटर पुरतो.